काटा आणि खतावणी

कर्ज मंजूर करण्याच्या खुर्चीवरून उतरून मला सात वर्षे झाली, तरी मित्रमंडळी अंदाजपत्रके घेऊन यायची थांबलेली नाहीत. गेल्या चैत्रात सांगलीचे माझे एक जुने स्नेही, कापडाचे व्यापारी, असाच एक कागद घेऊन आले. त्यांच्या नातीला घरच्या घरी गाण्याचे ध्वनिमुद्रण करावयाचे आहे. मुलगी नऊ वर्षे शास्त्रीय संगीत शिकते आहे, गळा चांगला आहे आणि हौस वरवरची नाही. कागदावरील एकूण रक्कम होती १,७२,००० रुपये. त्यांपैकी १,१८,००० केवळ संगणकाचे, कारण तो मॅकच असला पाहिजे असा तिचा आग्रह. दुकानात बिले करण्यासाठी घेतलेला, विंडोजवर चालणारा एक लॅपटॉप मात्र घरात पडून होता.

"मॅनेजरसाहेब, मला एवढंच सांगा," स्नेही म्हणाले, "ह्या लॅपटॉपवर आवाज कमी गोड येतो काय?"

मी पेटी वाजवतो आणि घरच्या बैठकी संगणकावर उतरवून ठेवण्याचा मला बऱ्याच वर्षांचा नाद आहे, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर 'नाही' असे आहे. पण ते तेवढ्यावर संपत नाही, आणि आपल्या कित्येक घरांत आज हाच प्रश्न नातवंडे विचारीत असल्यामुळे या वेळचे सदर त्यालाच देतो.

आधी अंदाजपत्रकात न लिहिलेली एक बाब सांगितली पाहिजे. स्नेह्यांच्या मातोश्री, सारे घर त्यांना आक्का म्हणते, एकोणनव्वद वर्षांच्या आहेत. जात्यावरच्या ओव्या आणि लग्नातली हळदीची, घाण्याची गाणी त्यांना जेवढी येतात, तेवढी त्या घरात आता दुसऱ्या कोणालाही येत नाहीत. नातीचे पहिले काम ठरले होते ते पणजीचा आवाज उतरवून घेण्याचे. मॅक मात्र दिवाळीच्या हंगामानंतर, पैसे मोकळे झाल्यावर यायचा होता. म्हणजे मधले सहा महिने काम थांबणार. आक्कांचा आवाज तोवर असाच राहील, हे कोणत्या तारणावर धरायचे?

आता मूळ प्रश्न. गाणे माइकमध्ये शिरते तेव्हा ते विजेची एक चढउतार असते. तिचे आकड्यांत रूपांतर संगणक करीत नाही. ते काम एक लहानशी पेटी करते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ही पेटी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लहरीचे माप घेते आणि ते आकडे एका वायरीतून संगणकाकडे पाठविते. वाचकांपैकी बहुतेकांना हे एका वाक्यात समजेल. माल काट्यावर मोजला जातो, संगणक ही नुसती खतावणी आहे. काटा खरा असेल तर वजनाची नोंद लाल वहीत केली काय अन् निळ्या वहीत केली काय, पोत्यातले धान्य कमीजास्त होत नाही. एकच इंटरफेस, एकच माइक आणि तीच मापे ठेवली, तर मॅककडे जातात तेच आकडे विंडोजकडे जातात, आणि लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली असेल तर तिच्याकडेही तेच जातात.

हे काम जडही नाही. एका आवाजाचे उत्तम दर्जाचे एक मिनिट संगणकात सुमारे ८ मेगाबाइट जागा घेते, तासभर गायले तरी ५०० च्या आत. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप एवढे ओझे सहज वाहतो. पन्नास-साठ वाद्यांचा मेळ संगणकातच उभा करायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण गायन, पेटी आणि तबला यांसाठी तेवढी शक्ती लागत नाही.

मग मॅकचे एवढे नाव का? त्याला कारण आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गाताना कानाला हेडफोन असतो आणि स्वतःचा आवाज संगणकात जाऊन परत येतो. या फेरीला वेळ लागतो. मॅकमध्ये ध्वनीसाठी चांगला, जवळचा मार्ग मुळातच बांधलेला असतो. विंडोजचा नेहमीचा मार्ग लांबचा आहे, त्यावरून आवाज इतका उशिरा परततो की गाणारा गोंधळून जातो. त्यावर स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली 'आझिओ' नावाचा आडमार्ग काढला. इंटरफेस बनविणाऱ्या कंपनीचा आझिओ ड्रायव्हर तेवढा संगणकात बसवावा लागतो. तो बसवला की सगळी फेरी बारा-पंधरा मिलिसेकंदांत उरकते. ध्वनी हवेतून तेवढ्या वेळात चार-पाच मीटर जातो, म्हणजे तबलजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखे झाले. शिवाय बहुतेक इंटरफेसवर एक बटण असते, ते फिरवले की स्वतःचा आवाज संगणकाकडे न जाता पेटीतूनच थेट कानात येतो. मग उशिराचा प्रश्नच राहत नाही. हे बटण कशासाठी आहे, ते नातीला दुकानदाराने सांगितले नव्हते. त्याला दोष देत नाही, त्याने संगणक विकायचा की बटणे समजावायची?

मॅकचा दुसरा गुण मला अधिक खरा वाटतो. मॅकबुक एअरच्या २०२० च्या शेवटी आलेल्या नमुन्यापासून त्यात पंखाच नाही. शांत खोलीत लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला की माइक ते सर्व टिपतो. परंतु यावर माइकची दहा मीटरची वायर घेणे आणि लॅपटॉप दाराबाहेर ठेवणे हा काहीशे रुपयांचा उपाय आहे. चार्जर लावल्यावर कधी कधी एक बारीक गुणगुण ऐकू येते, तो बहुधा घरातल्या अर्थिंगचा दोष असतो. तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर चालवावा.

हिंदुस्थानी संगीताचे पहिले व्यापारी ध्वनिमुद्रण कोठे झाले होते, हे या संदर्भात आठवावे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आले, त्यांनी हॉटेलच्या खोलीत आपली यंत्रे मांडली आणि गौहरजान एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायल्या. माइक नव्हता, वीजही त्या कामात नव्हती. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत. अमेरिकेतील ब्रूस स्प्रिंगस्टीन हे फार मोठे गायक. १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीमधील भाड्याच्या घरात, निजायच्या खोलीत, त्यांनी चार पट्ट्यांच्या एका कॅसेट यंत्रावर काही गाणी उतरवली. हा कच्चा आराखडा होता, वादकांना ऐकवून नंतर स्टुडिओत नीट करायची असे ठरले होते. स्टुडिओत ती केलीही, पण कॅसेटवरचा भाव पुन्हा येईना. शेवटी तीच कॅसेट 'नेब्रास्का' या नावाने बाजारात आली. त्या खोलीतले दोन माइक शुअर कंपनीचे, ज्या नमुन्याचे होते तो १९६५ पासून आजतागायत विकला जातो आहे.

येथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. आयकराच्या हिशेबात संगणकाचा घसारा ४० टक्क्यांनी धरतात. घरगुती हौसेला ती सवलत मिळणार नाही, पण अंदाज येतो. १,१८,००० चे पहिल्या वर्षअखेरीस ७०,८००, दुसऱ्या वर्षी ४२,४८० आणि तिसऱ्या वर्षी २५,४८८. चांगला माइक मुलीच्या मुलीपर्यंत जाईल. म्हणून उलट क्रमाने पैसे घालावेत असे माझे मत. आधी खोली, मग माइक, मग इंटरफेस आणि हेडफोन, सर्वांत शेवटी संगणक. सॉफ्टवेअरसाठीही अडून राहण्याचे कारण नाही. 'ऑडॅसिटी' फुकट आहे आणि 'रीपर' घरगुती वापरासाठी ६० डॉलरना मिळते. दोन्ही मॅक, विंडोज आणि लिनक्स या तिन्हींवर चालतात.

तर मग यंत्राची निवड अगदीच निरर्थक का? नाही. आवाज आत येताना ती महत्त्वाची नसते, बाहेर पडायची वेळ आली की होते.

१९८५ च्या सुमारास आलेल्या अटारी एसटी या संगणकाला वाद्ये जोडण्याची सोय अंगचीच होती, म्हणून संगीतकारांनी तो डोळे झाकून घेतला. 'क्युबेस' हे आजही चालू असलेले सॉफ्टवेअर १९८९ साली प्रथम अटारीवरच आले. पुढे काही वर्षांत अटारीने संगणक बनवणेच सोडले, आणि त्या काळी सर्वोत्तम निवड केलेल्या माणसांना बिऱ्हाड हलवावे लागले. 'लॉजिक' नावाचे सॉफ्टवेअर पूर्वी विंडोजवर चालत असे. २००२ मध्ये अ‍ॅपलने त्याची जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. तेव्हापासून लॉजिक हवे तर मॅक घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नित्याची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. अ‍ॅपलने २०१९ च्या आपल्या प्रणालीपासून जुन्या ३२ बिट पद्धतीची सगळी सॉफ्टवेअर चालेनाशी केली. दोन्ही दुकानदार सारखेच.

बाहेर पडताना काय होते, ते मी स्वतः भोगले आहे. २००७ साली मी माझ्या आईची अकरा गाणी संगणकावर उतरवली. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील 'गाण्याची फाइल' मी काळजीपूर्वक सीडीवर घेतली, दोन प्रती केल्या, एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी ती फाइल उघडली. पडद्यावर अकरा गाण्यांची नावे आली, प्रत्येकाची लांबी आली, कोठे आवाज चढवला, कोठे उतरवला त्याच्या रेघा आल्या. आवाज आला नाही. त्या सॉफ्टवेअरची ती फाइल म्हणजे नुसती सूचनांची यादी होती, खरा ध्वनी शेजारच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये होता आणि तो भंगारवाल्याबरोबर गेला. चौतीस वर्षे मी बिल्टीवर कर्जे दिली, बिल्टी हाती असून माल गोदामात नसल्याची प्रकरणेही हाताळली. स्वतःच्या घरात तेच केले.

म्हणून नातीला मी एकच अट घातली. कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये काम कर, पण त्याच संध्याकाळी प्रत्येक पट्टी अगदी आरंभापासून शेवटपर्यंत साध्या 'वेव्ह' फाइलमध्ये स्वतंत्र काढून ठेव. ही पद्धत १९९१ ची आहे आणि मॅक, विंडोज, लिनक्स, मोबाइल सर्वत्र उघडते. सगळ्या पट्ट्या आरंभापासून काढल्या म्हणजे दुसऱ्या यंत्रावर एकाखाली एक ठेवताच ताल जुळतो.

"पण आजोबा, पुण्याची माझी मैत्रीण लॉजिकवरच करते," ती म्हणाली. "तिच्याबरोबर करायचं तर तेच लागेल की." हे तिचे म्हणणे बरोबर आहे. ज्यांच्याबरोबर रोज देवाणघेवाण करायची, त्यांचीच वही ठेवणे सोयीचे असते. दोघींचे काम खरोखर सुरू झाले की मॅक घ्यावा, तो खर्च उधळपट्टी ठरणार नाही. आक्कांसाठी मात्र त्याची वाट पाहू नये, एवढेच माझे म्हणणे.

अंदाजपत्रकात भिंतींना लावायच्या स्पंजाचे चौदा हजार होते, ते मी प्रथम कापले. दुकानाच्या माडीवर तिन्ही बाजूंनी छतापर्यंत कापडाची थाने लावलेली आहेत. तेथे उभे राहून टाळी वाजवली तर घुमत नाही, जागच्या जागी विरते. एवढी चांगली खोली विकत घ्यायची म्हटले तर लाखांत जाईल. पेठ बंद असते त्या दिवशी आम्ही आक्कांना तेथे गादीवर बसविले. पंखा बंद. लॅपटॉप जिन्यात.

हेडफोन त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. ओवी सुरू होईना. दोनदा आरंभ केला, दोनदा शब्द अडले. मग त्यांचा उजवा हात आपोआप गादीवर गोल फिरू लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा, आणि ओव्या एकामागून एक येऊ लागल्या. हात फिरताना बांगड्या वाजत होत्या. नातीने बांगड्या काढायला सुचवताच त्यांनी तिच्याकडे असे पाहिले की तिने पुन्हा विषय काढला नाही. चाळीस मिनिटांत तेवीस ओव्या झाल्या, सगळ्यांत बांगड्या आहेत.

"झालं काय?" आक्कांनी विचारले. झाल्याचे सांगितल्यावर म्हणाल्या, "अजून हळदीची राहिल्यात की."

हळदीची गाणी पुढल्या सुट्टीच्या दिवशी झाली. वेव्ह फाइलींच्या तीन प्रती आहेत. एक नातीकडे, एक तिच्या पुण्याच्या मैत्रिणीकडे, आणि एक स्नेह्यांनी दुकानाच्या तिजोरीत, हार्ड डिस्कवर 'आक्का, ओव्या' अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे. अंदाजपत्रकाचा कागद माझ्याकडेच आहे. संगणकाच्या ओळीसमोर मी पेन्सिलीने 'दिवाळीनंतर' असे लिहिले आहे. नातीला ते अजून पूर्णपणे पटलेले नाही.