नकाशावरचे अंतर आणि आकाशातले अंतर

मुलगा अमेरिकेला गेला की घरातल्या आजी-आजोबांचा भूगोल पक्का होतो. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब, हा प्रश्न मग केवळ पुस्तकी राहत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले तर या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. वाटेत हिमालय व तिबेटचे पठार आहे. संकटकाळी विमान खाली आणण्याची वेळ आली तर तेथे वाव नसतो.

शिवाय वारा आहे. उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने या मार्गावरील विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले. वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आली. वाट वाढली आणि प्रवास आटला. शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितात हे बसवून दाखवावे!

वाऱ्याचा हिशेब वैमानिक करतो, सीमेचा हिशेब राष्ट्राला करावा लागतो. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असते. बालाकोटनंतर, २०१९ च्या फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. कंपनी तेव्हा सरकारी होती, म्हणजे तो भार जनतेच्याच खिशावर पडला. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हत्याकांडानंतर, पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. ३० एप्रिलला भारतानेही तेच केले. बंदीची मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढत गेली. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावे लागले.

ही किंमत मोजावी लागली, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. रक्त सांडल्यानंतर तिकिटाच्या दराची चर्चा शोभत नाही. परंतु किंमत कोण मोजतो, हे स्पष्टपणे पाहिले पाहिजे. ही बंदी भारतीय कंपन्यांपुरती होती; परदेशी कंपन्यांना तो मार्ग खुलाच राहिला. परिणामी, भारतीय प्रवाशाला भारतीय विमान लांबच्या वाटेने नेणार आणि परकी विमान जवळच्या. भारताच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांची संख्या पाकिस्तानच्या पूर्वेकडे येणाऱ्या विमानांपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्यामुळे उत्तरादाखल आपले आकाश बंद केल्याने समाधान मिळते, तोल साधत नाही.

या बंदीला खरे उत्तर आहे ते लांब पल्ल्याची विमाने आपल्या हाती असण्यात. दिल्ली–वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्थगित झाली, तेव्हा कंपनीने दोन कारणे दिली: पाकिस्तानचे बंद आकाश आणि जुन्या विमानांच्या नूतनीकरणामुळे पडलेली तूट. पहिले कारण इस्लामाबादच्या हाती आहे. दुसरे मात्र पूर्णपणे घरचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने जाहीर केलेल्या ४७० विमानांच्या मागणीत सागरापार जाणारी मोठी विमाने केवळ ७० होती.