कूस आपली, कागदही आपल्याच हाती हवा!

मध्यंतरी वस्तीतली एक भगिनी आमच्याकडे आली. धुणीभांडी करून दोन लेकरं सांभाळणारी. म्हणाली, "वकीलसाहेब, दवाखान्यात सह्या घेतल्या. कागद इंग्रजीत होता. आता भीती वाटते." दुसऱ्याचे मूल नऊ महिने पोटात वाढवण्याची ती संमती होती. प्रत मात्र तिच्याजवळ नव्हती.

सरोगसी नियमन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. पैसे घेऊन गर्भ वाढवणे त्याने बंद केले. गरिबी मात्र बंद झाली नाही. म्हणून दलाल पैशाची बोली तोंडी करतो आणि कागदावर 'परोपकार' लिहून घेतो. उद्या त्याने हात वर केले तर त्या बेकायदा बोलीची वसुली कोणतेही न्यायालय करून देणार नाही, हे आमच्या भगिनींनी आधी ओळखावे.

या कायद्यात आईच्या बाजूने जे आहे ते मात्र पाठ करावे. सरोगेट माता २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली आणि स्वतःचे मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच हे करता येते आणि गर्भ रुजवण्याचे प्रयत्न तीनपेक्षा जास्त करता येत नाहीत. शरीराची व मनाची तपासणी होऊन दाखला मिळालाच पाहिजे. धोके समजावून, तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घेतली पाहिजे. गर्भ गर्भाशयात सोडण्यापूर्वी तिला 'नाही' म्हणता येते. गर्भपाताची सक्ती कोणीही करू शकत नाही. मूल हवे असलेल्या जोडप्याने तिचा ३६ महिन्यांचा विमा काढणे बंधनकारक आहे.

म्हणून सहीआधी कागद आपल्या माणसाकडून वाचून घ्या. विम्याची व संमतीची प्रत घरी ठेवा. खोटे वय, दुसरीचे आधार कार्ड चालवू नका. उद्या विमा मागताना तेच आडवे येईल. सर्वसाधारणपणे एका वेळी एकच गर्भ सोडावा असा नियम आहे. डॉक्टर जास्त सोडू म्हणाले तर कारण विचारा. जुळ्यांत आईच्या जिवाला धोका वाढतो. दुसऱ्या स्त्रीच्या बीजाच्या गर्भात रक्तदाब वाढण्याची भीती अधिक असते. डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावर सूज आली, तर दलालाला विचारत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

नवऱ्याने वा सासरच्यांनी बळजबरी केली तर गप्प राहू नका. असे प्रकरण न्यायालयात गेल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, स्त्रीवर जबरदस्ती झाली असेच कायदा गृहीत धरतो.

आमचा आक्षेप वेगळाच आहे. दवाखान्याचा खर्च आणि विमा कायद्याने दिला. पण त्या काळात बुडणाऱ्या मजुरीचे काय? डॉक्टर फी घेतो, दवाखाना बिल घेतो, परोपकार तेवढा गरीब बाईने करायचा! १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपण लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळालीच पाहिजे, ते राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ठणकावून सांगितले होते. विश्रांती द्यायची तर चूल पेटती राहिली पाहिजे. बुडालेल्या मजुरीची भरपाई कायद्यात स्पष्ट लिहा, ही आमची मागणी आहे.

ती मान्य होईपर्यंत प्रत्येक महिला मंडळाने एवढे करावे : वस्तीतली एकही भगिनी न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवणार नाही.