आधी वॅट-अवर, मग जीबी!

होस्टेलवर राहणाऱ्यांना लॅपटॉपची बॅटरी किती चालते हा प्रश्न कधी पडतच नाही. पलंगाच्या उशाशी सॉकेट, सॉकेटात चार्जर आणि चार्जरला लॅपटॉप जन्माचा बांधलेला! आम्ही मात्र अपडाऊनवाले. गोंडपिपरीहून सकाळची एसटी धरायची, कोठारी, बल्लारपूर करत चंद्रपूर गाठायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. जाऊन-येऊन रोजचे शंभरेक किलोमीटर. आमच्या गावाला रेल्वे नाही आणि आमच्या एसटीत सीटजवळ सॉकेट नाही. त्यामुळे आमचा लॅपटॉप म्हणजे पाण्याची बाटली. घरून जेवढी भरून निघालो, तेवढ्यावरच दिवस काढायचा.

हे शहाणपण मला साठ हजार रुपये गेल्यावर आलं! पहिल्या वर्षाला बाबांनी धानाचे पैसे आणि थोडं कर्ज मिळून लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, इंजिनिअरिंग आहे ना? मग गेमिंगचाच घ्या. चार वर्षं पाहायचं काम नाही." १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, कीबोर्डखाली लाल दिवे. आम्ही दोघं बापलेक त्या दिव्यांनीच गार झालो. बॅटरीचं विचारलं तर, "चालते ना पाच-सहा तास!" प्रत्यक्षात चालली दोन तास. वर चार्जरचा ठोकळा अर्ध्या विटेएवढा.

गेल्या वर्षी मिनी प्रोजेक्टच्या आदल्या रात्री गावात वादळ आलं, झाड तारांवर पडलं आणि सकाळपर्यंत लाईट नव्हती. निघताना बॅटरी ४० टक्के. रीडिंग चुकल्यामुळे दोन आलेख बदलायचे होते. म्हटलं, एसटीत करू. बल्लारपूर यायच्या आत स्क्रीन काळी! कॉलेजात पोचलो तर आमचाच ग्रुप पहिला. चुकीच्या आलेखांवरच बोलावं लागलं आणि चौघांचेही मार्क कापले गेले. सर म्हणाले, "काहून रे, घरून चार्ज करून आणता येत नाही का?" आता काय सांगणार? चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, आणि पन्नासेक किलोमीटरवर आम्ही मेणबत्ती शोधत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. अपडाऊन करणाऱ्यानं लॅपटॉप निवडताना आधी बॅटरी पाहावी, बाकी सगळं नंतर. खोक्यावरच्या 'दहा तास' वर विश्वास ठेवू नका. ते मोजमाप स्क्रीन मंद करून, हलकं काम चालवून काढलेलं असतं. आपण इंजिनिअर, आपण भागाकार करू. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये लिहिलेली असते. तिला लॅपटॉप किती वॅट खातो त्यानं भागा, की तास आले. ५६ वॅट-अवरची बॅटरी आणि टायपिंग-वाचनाला ८ वॅट खाणारा लॅपटॉप म्हणजे सात तास. तीच बॅटरी २० वॅट खाणाऱ्या गेमिंग लॅपटॉपात घातली तर तीन तासही नाहीत. म्हणजे नुसती मोठी बॅटरी पाहून उपयोग नाही, खाणारं तोंड किती मोठं आहे तेही पाहा.

यासाठी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'यू' आहे का ते बघा. हा कमी वीज खाणारा. 'एच' किंवा 'एचएक्स' असेल तर तो खादाड समजा. टाईप-सी चार्जिंग असेल तर उत्तम, अडीअडचणीला मित्राचा चार्जरही चालू शकतो. आणि बॅटरी दरवर्षी थोडी थोडी म्हातारी होते. आपल्या चंद्रपूरच्या उन्हात तर लवकरच होते. म्हणून आज पाच तासांची गरज असेल तर सात-आठ तासांचा हिशेब धरा. जुना लॅपटॉप घेत असाल तर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. मूळ क्षमता किती होती आणि आता किती उरली, दोन्ही आकडे त्यात दिसतात.

कुणी म्हणेल, "पॉवर बँक घे ना लेका!" मोबाईलची १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबानं फक्त ३७ वॅट-अवर. त्यातलंही थोडं वाटेतच जिरतं. शिवाय लॅपटॉपला ४५ ते ६५ वॅट लागतात. साधी पॉवर बँक तेवढे देतच नाही.

मेकॅनिकलवाले मित्र म्हणतील, "थ्रीडी मॉडेल काय तुझ्या 'यू'वर फिरवू?" बरोबर आहे. होस्टेलवर राहात असाल तर खुशाल गेमिंगचा घ्या, तुमचं सॉकेट उशाशी आहे. पण अपडाऊनवाल्यानं जड काम कॉलेजच्या लॅबमधल्या डेस्कटॉपवर करावं आणि पाठीवर हलका, टिकाऊ लॅपटॉप बाळगावा. आठवड्यातून दोनदा लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी रोज अडीच किलो वाहून वर अंधारात बसण्यात काय शहाणपण?

सर आणि मॅडमना एकच विनंती आहे. लायब्ररीत एका टेबलापाशी चार-सहा सॉकेट फक्त अपडाऊनवाल्यांसाठी राखून ठेवा. शेवटची एसटी पकडण्याआधी तासभर चार्जिंग मिळालं, तर रात्री गावात लाईट जावो की राहो, आमचं सबमिशन अडणार नाही.

आणि नव्यानं ॲडमिशन घेतलेल्या भावा-बहिणींनो, दुकानात लाल दिवे पाहून हरखू नका. आधी वॅट-अवर विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर पुढच्या दुकानाची पायरी चढा. बाबांचे पैसे चार वर्षांत एकदाच खर्च होणार आहेत!

— एक अपडाऊनवाला, अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी