फड पद्धती संग्रहालयात नको

संपादक महाशयांस,



गतांकात जळगावच्या एका पत्रलेखकांनी ‘फड पद्धती’ ही संग्रहालयात ठेवण्याजोगी वस्तू असून शहरांचा उद्धार नळ आणि काँक्रीट यांनीच होईल असे प्रतिपादिले आहे. पाटबंधारे खात्यात हयात घालविलेल्या मजसारख्या अभियंत्यास ते वाचून स्वस्थ बसवेना.

पांझरा नदीवरील दगडी बंधारे कैक पिढ्यांचे. त्यांतून निघालेल्या पाटाचे पाणी केवळ उताराच्या बळावर वाहते, लाभक्षेत्र फडांत विभागलेले असते, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाण्याची पाळी पाटकऱ्याने सांभाळावयाची, असा हा फड पद्धतीचा बंदोबस्त आहे. नळांशी माझे वैर नाही. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरलेल्या तरुण अभियंता विश्वेश्वरय्यांनी धुळे जिल्ह्यात दातर्तीस नळांचाच सायफन बांधला होता. परंतु नळाने पाणी वाहून नेणे निराळे आणि फडाप्रमाणे ते जमिनीत मुरविणे निराळे.

हा भेद मी उशिराच शिकलो. माझ्याच देखरेखीखाली एका वसाहतीतला नाला तळासुद्धा काँक्रीटचा झाला. मोजमापवहीत काम चोख उतरले, मीही खूष होतो. पुढल्या वैशाखात शेजारच्या विहिरीत एका म्हातारीने सोडलेली बादली खडकावर खणकन आदळली. ती मला काहीच बोलली नाही.

पत्रलेखकांनी एकवार पांझरेकाठी यावे. मात्र पाळीच्या दिवशी, आणि पाटकरी पाटाची दारे उघडावयास निघण्यापूर्वी.

आपला,
एक निवृत्त अभियंता, धुळे