डाळीच्या मिशनमध्ये वारल्यांचा वाल कुठे आहे?

१ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने कडधान्यांच्या आत्मनिर्भरतेचे मिशन मंजूर केले. त्यासाठी ११,४४० कोटी रुपये ठेवले, २०३०-३१ पर्यंत देशाचे कडधान्य उत्पादन ३५० लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तूर, उडीद आणि मसूर ही तीन पिके नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून चार वर्षे, विकायला येतील तेवढी सगळी, हमीभावाने विकत घेऊ असेही आश्वासन दिले. देशाने स्वतःची डाळ स्वतः पिकवावी याला कोणाचा विरोध असणार? आमचाही नाही. पण कोणतीही सरकारी योजना तपासायची आमची एक रीत आहे. ती योजना शेवटच्या माणसाच्या बांधावर आणि त्याच्या ताटात नेऊन पाहायची. म्हणून हे मिशन आम्ही पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नेऊन पाहात आहोत.

तलासरीत दहा माणसांमागे नऊ आदिवासी आहेत. डहाणूतही लोकसंख्येचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आदिवासींचा आहे. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी हे इथले मूळ रहिवासी. डहाणू म्हटले की बाहेरच्या जगाला घोलवडचा चिकू आठवतो. त्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण वाडीचा मालक निराळा आणि वाडीत राबणारा निराळा. राबणाऱ्याची स्वतःची शेती म्हणजे पावसाळ्यातले भाताचे खाचर आणि डोंगरउतारावरची वरकस जमीन. वरकसावर नागली, वरई आणि त्यांच्या जोडीला उडीद, तूर. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल, चवळी, हरभरा. कुठे कुळीथ. खत नाही, फवारणी नाही, पंप नाही. बी घरचेच, पुढच्या वर्षासाठी राखेत कालवून ठेवलेले. पिढ्यान् पिढ्या आदिवासीच्या अंगात जे काही बळ आले ते भाताच्या पेजेसोबत या मूठभर कडधान्यातून आले. नुसत्या भाताने पोट भरते, अंग भरत नाही. भातात जे प्रथिन कमी पडते ते डाळ पुरवते, हे आहारशास्त्र सांगते. आदिवासीला ते अनुभवाने ठाऊक होते.

आता देशाचा हिशेब पाहू. १९६०-६१ साली देशात सुमारे १२७ लाख टन कडधान्ये पिकली. चाळीस वर्षांनी, २०००-०१ साली, ती १११ लाख टनांच्या आसपास होती. याच चाळीस वर्षांत लोकसंख्या ४४ कोटींवरून १०३ कोटींपर्यंत गेली, आणि गव्हाचे उत्पादन ११० लाख टनांवरून सुमारे ७०० लाख टनांवर पोहोचले. १९५१ साली माणशी रोज ६१ ग्रॅमच्या आसपास डाळ उपलब्ध होती, ती २००१ साली ३० ग्रॅमवर आली. गव्हाला कालवा मिळाला, खत मिळाले, संशोधन मिळाले आणि सरकारी खरेदीची हमी मिळाली. कडधान्याला कोरडवाहू माळ मिळाला. ज्या जमिनीवर दुसरे काही येत नाही तिथे डाळ लावायची, आणि ज्या माणसाला दुसरे काही परवडत नाही त्याने ती लावायची, अशी ही वाटणी झाली. हरितक्रांतीचे गोडवे गाणाऱ्यांनी गरिबाच्या ताटातून अर्धी डाळ कशी गेली हे कधी सांगितले नाही.

उत्पादन वाढले ते २०१० नंतर आणि विशेषतः २०१६ नंतर. त्याची कथाही बोधप्रद आहे. सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. शहरातला मध्यमवर्ग ओरडला तसे सरकार जागे झाले. हमीभाव वाढले, बोनस मिळाला. शेतकऱ्याने विश्वास ठेवून तूर पेरली, पाऊसही चांगला झाला. २०१६-१७ साली देशात २३१ लाख टन कडधान्य पिकले. आणि बक्षीस काय मिळाले? त्याच वर्षी सुमारे ६६ लाख टन कडधान्य परदेशातून आणले गेले, भाव हमीभावाखाली कोसळले आणि २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राचा शेतकरी तुरीची पोती घेऊन खरेदी केंद्रांसमोर रात्री काढीत बसला. कुठे बारदाना संपला, कुठे मुदत संपली. पुढे मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली झाली आणि तिची मुदत वर्षामागून वर्ष वाढत गेली. २०२४-२५ साली आयात ७० लाख टनांच्याही वर गेली. भाव चढला की आयात, भाव पडला की मौन. डाळ कशाने वाढते आणि कशाने घटते, हा शोध घ्यायला मोठ्या समितीची गरज नाही. शेतकऱ्याला भावाची खात्री असली की ती वाढते, खात्री मोडली की घटते.

पण लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याच्या नशिबी निदान खरेदी केंद्रासमोरची रांग तरी आली. डहाणू-तलासरीच्या आदिवासीला त्या रांगेत तरी उभे राहता येते काय? केंद्र सरकार ज्या कडधान्यांना हमीभाव जाहीर करते ती पाच: तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर. वाल त्यात नाही. चवळी नाही. कुळीथ नाही. म्हणजे कोकणपट्टीतला गरीब भातानंतर जे पिकवतो त्याला सरकारदरबारी किंमतच नाही. उरला उडीद. २०२५-२६ च्या हंगामासाठी त्याचा हमीभाव क्विंटलला ७,८०० रुपये आहे. तो मिळवायला शेतकऱ्याची नोंदणी हवी, नोंदणीला सातबारा हवा आणि सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद हवी. मिशनच्या मसुद्यातला ‘नोंदणीकृत’ हा एक शब्द इथे भिंतीसारखा उभा राहतो. कारण वरकसावरचा उडीद पुष्कळदा फॉरेस्ट प्लॉटवर पिकतो, आणि प्लॉटधारकाच्या हातात निर्वेध सातबारा नसतो. वनहक्क कायदा २००६ साली झाला. तरीही किती दावे अडकले, किती फेटाळले गेले, आणि दावा दोन एकरांचा असताना किती जणांच्या हातात काही गुंठ्यांचाच कागद पडला! मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पायांनी चालत आलेले आदिवासी याच जमिनीसाठी चालले होते.

जमिनीचा हा प्रश्न इथे नवा नाही. सावकार-जमीनदारांनी आदिवासींच्या जमिनी गिळल्या आणि त्यांनाच त्या जमिनीवर वेठीला राबवले. पावसाळ्यात खावटीचे धान्य घ्यायचे आणि सुगीला ते दीडपटीने फेडायचे, हा तेव्हाचा रिवाज. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघेही गडी होऊन राहात. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातल्या झरी गावी वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. त्या लढ्याचे नेतृत्व गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी केले. हे शामराव १९३७ च्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य होते, आणि १९३८ साली मुंबईत निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात बाबासाहेबांसोबत होते, हे चळवळीतल्या नव्या पिढीने ध्यानात ठेवावे. खोती नष्ट करा म्हणणारा कोकणातला कुणबी-महार आणि वेठ नाकारणारा वारली यांचे दुखणे एकच होते. जमीन कसणाऱ्याची नव्हती आणि धान्य पिकवणाऱ्याचे नव्हते.

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी एक सरळ गोष्ट दाखवून दिली. शेत लहान आहे की मोठे, यावर ती शेती परवडते की नाही हे ठरत नाही. त्या शेताला अवजारे, जनावरे, भांडवल यांची जोड किती, यावर ते ठरते. डहाणूच्या आदिवासीकडे पाहा. त्याचे एक एकर नापीक नाही. तिथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण भात निघाल्यावर त्या एकराला जोड कशाची? सूर्या नदीवर धामणी आणि कवडास ही धरणे झाली, तेव्हा शेतीला पाणी मिळेल असे सांगितले गेले. पुढे वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना याच सूर्येवर आखली गेली. शहरातल्या माणसालाही पाणी हवे, हे आम्हाला मान्य आहे. पण वाल-हरभऱ्याला उसासारखे पाणी लागत नाही. फुलोऱ्यात एखादे पाणी मिळाले तरी पिकात मोठा फरक पडतो. तेवढेही आदिवासी पाड्याच्या वाट्याला का येऊ नये?

दुसरी अडचण गुरांची. भात निघाले की गुरे मोकाट सुटतात. ज्याला कुंपण परवडते त्याचाच वाल वाचतो. तिसरी अडचण माणसांची. दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, कोणी वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात. ज्या चार महिन्यांत रब्बीचे कडधान्य उभे असते त्याच चार महिन्यांत ते राखायला घरात माणूस नसतो. आदिवासीला शेती नको आहे, असे म्हणणाऱ्यांनी आधी भट्टीवाल्याने पावसाळ्यात दिलेली उचल मोजावी. ती उचल म्हणजे जुन्या खावटीचेच नवे रूप आहे.

आता ताटाकडे येऊ. जो उडीद आदिवासी दिवाळीच्या तोंडावर पडत्या भावाने दुकानदाराला घालतो, त्याचीच डाळ तो आषाढात चढ्या भावाने विकत घेतो, किंवा घेतच नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला. त्याने माणशी पाच किलो धान्य दिले. पण त्या कायद्याच्या हक्कात तांदूळ-गहू आहे, भरडधान्य आहे, डाळ नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांच्या शिध्यात किलोभर चणाडाळ दिली. करोनाच्या काळात आदिवासींना खावटी अनुदान दिले, त्यात दोन हजारांच्या वस्तूंत कडधान्ये होती. गरोदर मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. हे सारे उपयोगाचे आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण सणाला मिळते तो प्रसाद असतो, कायद्याने मिळतो तो हक्क. १९९२ साली याच पट्ट्यातल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला बालमृत्यू झाले तेव्हा देश हळहळला. तेव्हापासून योजना पुष्कळ आल्या. आदिवासीच्या भाताशेजारी रोजची डाळ मात्र हक्काने आली नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, वाल, चवळी आणि कुळीथ यांना राज्य सरकारने आधारभाव द्यावा आणि मिशनच्या यादीत त्यांचा समावेश करावा, असा आग्रह दिल्लीत धरावा. दुसरी, वनहक्काचा दाखला किंवा ग्रामसभेचा दाखला खरेदी नोंदणीसाठी सातबाऱ्याच्या बरोबरीने धरावा. तिसरी, आदिवासी विकास महामंडळ भाताची खरेदी करतेच, त्याच केंद्रांवर कडधान्य घ्यावे आणि पैसे वेळेवर द्यावेत. चौथी, ती खरेदी लातूर-मुंबईच्या फेऱ्या मारून परत येऊ नये. डहाणू-तलासरीचा वाल आणि उडीद इथल्याच आश्रमशाळांत, अंगणवाड्यांत आणि रेशन दुकानांत यावा. पाचवी, दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र यांनी पाड्यापाड्यावरचे जुने वाण जपून सुधारावेत आणि त्यांचे बी मोफत द्यावे. रोजगार हमीतून सामाईक कुंपण आणि शेततळी व्हावीत, म्हणजे गुरांचाही प्रश्न सुटेल आणि दिवाळीनंतर गावातच कामही मिळेल.

पैसा नाही, हे कारण आम्ही ऐकून घेणार नाही. डहाणूच्याच किनाऱ्यावर वाढवण बंदर होते आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचे भूमिपूजन झाले आणि त्याचा खर्च ७६ हजार कोटींहून अधिक आहे. साऱ्या देशाच्या डाळीसाठी सहा वर्षांत ११,४४० कोटी आणि एका बंदरासाठी त्याच्या सहापटीहून जास्त! बुलेट ट्रेनची आणि द्रुतगती महामार्गाची जमीनही याच दोन तालुक्यांतून गेली. ज्यांच्या जमिनीवरून देशाचा विकास धावतो आहे, त्यांच्या मुलांच्या ताटात त्यांच्याच शेतातली वाटीभर डाळ पोहोचवणे देशाला अवघड आहे काय?

मिशनची गणना टनांत होईल, जाहिराती टनांच्या निघतील. आमच्या कार्यकर्त्यांनी गणना पाड्यावर करावी. प्रत्येक ग्रामसभेत विचारावे: आपल्याकडे कोणते कडधान्य पिकते, कोण विकत घेतो, कोणत्या भावाने, आणि आश्रमशाळेतल्या पोरांच्या डाळीत पाणी किती, डाळ किती? त्याचा ठराव करून तो डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. झरीला जमलेल्यांकडे अर्ज लिहायलाही माणूस नव्हता, तरी त्यांनी वेठ मोडली. आज गावोगाव शिकलेली पोरे आहेत. त्यांनी लेखणी हातात घ्यावी.