या वयात? हो, याच वयात!

परवा ऑफिसात डबा खाताना सहज म्हटलं, "मी पियानो शिकायला लागलोय." टेबलावरच्या पाचही जणांचा एकच प्रश्न, "या वयात?" अहो, मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, ब्याऐंशीचा नाही! त्यावर दुसरा प्रश्न, "परीक्षा देणार का?" आणि तिसरा, "मग उपयोग काय?"

हीच मंडळी दर दोन वर्षांनी नवी प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकतात. तेव्हा वय आडवं येत नाही, कारण तिथे पगार वाढतो. म्हणजे मेंदू म्हातारा झालेला नाही, आपला हिशेब कोता झालाय. एका क्लासमध्ये तर मला सांगितलं, "बॅच सहा ते चौदा वयाचीच आहे, मुलगा असेल तर पाठवा." घ्या!

पण माझा राग स्वतःसाठी नाही. आमचं गाव राजुरी, आळेफाट्याजवळ. आप्पा तीस वर्षं देवळातल्या भजनात मागच्या रांगेत टाळ वाजवतायत. नजर मात्र कायम पेटीवर. दहा वर्षांपूर्वी त्यांनी पेटी शिकायचं मनावर घेतलं, तर भावकीतला एक जण म्हणाला, "मसणात गोवऱ्या गेल्या, आता काय शिकतोस!" सगळे हसले. आप्पाही हसले, आणि तो विषय संपला. माणसाची दहा वर्षं एका विनोदात गेली.

आता कुणी म्हणेल, लहानपणी शिकलेलं वेगळंच. मान्य. नुसता सूर ऐकून पट्टी ओळखण्याची देणगी बहुधा लहानपणीच्या तालमीतूनच येते, आणि चाळिशीत सुरुवात करून कुणी जगभर मैफली करत फिरणार नाही. पण मैफली मागितल्या कुणी? रोज सकाळी पळणाऱ्याला आपण ऑलिंपिकचं विचारतो का?

आणि मोठ्यांकडे काहीच नसतं हेही खोटं. गेल्या दिवाळीत मी कीबोर्ड घरी नेला. सगळे झोपल्यावर आप्पा हळूच आले. "यात सा कुठला रे?" मी ज्याला सी म्हणतो तिला ते पांढरी एक म्हणतात, बाकी भानगड तीच. पियानोच्या ८८ पट्ट्या असोत की पेटीच्या तीन-साडेतीन सप्तकं, त्याच बारा सुरांची आवर्तनं. कांदे काढून राठ झालेली बोटं आधी दोन-दोन पट्ट्या एकदम दाबत होती. पण ताल? तीस वर्षांचा टाळ हातात मुरलेला! मी तीन महिने मेट्रोनोम लावून जे शिकलो, ते त्यांना शिकवावंच लागलं नाही. चाल कानात होतीच, फक्त बोटांना रस्ता दाखवायचा होता.

परवानगीची वाट बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पेटी मूळची परदेशी, तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली. ती सैल झाली १९७१ मध्ये. मधली एकतीस वर्षं गावोगावच्या भजनी मंडळांनी भाता मारणं थांबवलं का? थांबवलं असतं, तर आप्पांना बघायलासुद्धा पेटी मिळाली नसती.

तेव्हा मित्रांनो, मुलांना क्लासला सोडून बाहेर गाडीत मोबाईल बघत बसणं बंद करा. आत जाऊन बसा. क्लासवाले नाही म्हणाले तर दुसरा शोधा. कॉटखाली धूळ खात पडलेला कीबोर्ड काढा, रोज पंधरा मिनिटं द्या. वाईट वाजेल. वाजू द्या.

गेल्या एकादशीला आप्पांनी देवळात एक अभंग पेटीवर धरला. दोनदा चुकले, तरी कुणी भजन थांबवलं नाही. गोवऱ्यावाले काका समोरच टाळ वाजवत होते.

असो. पुढच्या शनिवारी गावी जातोय. आप्पांनी दुसरी चाल बसवायला काढलीय, आणि यावेळी शिकणारा मी आहे.