फिल्टर फेकू नका, फाडून पाहा

अमेरिकेत खाद्यतेलावर चालवायला घेतलेला जुना डिझेल ट्रक चढणीवर दम टाकू लागला, की दोन निकाल तयार असतात. डिझेलचे अभिमानी म्हणतात, ‘तळणाचं तेल इंजिनात ओतलंत, दुसरं काय होणार?’ तेलाचे कैवारी म्हणतात, ‘फिल्टर चोंदलाय, नवा टाका आणि निघा.’ दोघेही हिरिरीने बोलतात आणि बिघाडाची चौकशी मात्र दोघेही करत नाहीत. इंधनाचा मार्ग तुंबायला कारण असते, ते मोजून आणि पाहून सापडते, आणि ते सापडेपर्यंत तेलाला ना दोषी ठरवता येते ना निर्दोष, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या पक्षाचे जे खरे आहे ते आधी मान्य करू. ४० अंश सेल्सिअसला अमेरिकेतल्या नेहमीच्या डिझेलचा दाटपणा १.९ ते ४.१ सेंटिस्टोक असावा लागतो. कॅनोला तेलाचा ३५च्या घरात असतो. फोर्ड एफ-२५० मध्ये १९९४ पर्यंत येणाऱ्या ७.३ लिटरच्या इंजिनाचा रोटरी पंप त्याच्यातून वाहणाऱ्या इंधनावरच वंगणासाठी अवलंबून असतो. त्यात गार, दाट तेल आले तर पंप उपाशी राहतो आणि झिजतो. आजच्या कॉमन रेल इंजिनांत तर नुसते खाद्यतेल घालूच नये. पण या अडचणीवर उपाय म्हणूनच दोन टाक्या बसवतात. ट्रक डिझेलवर सुरू करायचा, इंजिनाच्या गरम कूलंटने तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवायचे, मग तेलावर यायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेल फिरवून नळ्या धुऊन काढायच्या. तापल्यावर तेलाचा दाटपणा निम्म्याहून बराच खाली येतो. जर्मनीत रेपसीड तेलासाठी डीआयएन ५१६०५ हे इंधनाचे मानक आहे आणि त्यात पाण्याला ०.०७५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तेल इंधन होऊच शकत नसते, तर हे मानक कशाला बांधले असते?

दुसऱ्या पक्षाचा लाडका दाखला पॅरिसचा. १९००च्या जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले; पुढे १९१२ मध्ये रुडॉल्फ डिझेल यांनीच ते सांगितले. घटना खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. त्या काळची डिझेल इंजिने दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत फुंकत. सूक्ष्म फटींच्या रोटरी पंपाला आणि हॉटेलातल्या वापरलेल्या तेलाला तो दाखला लागू पडत नाही.

‘फिल्टर बदला’ हा सल्लाही तितकाच फसवा. नवा फिल्टर थोडे दिवस निभावून नेतो, मग पुन्हा तीच रड. तेव्हा कुणी सुचवतो, मोठा पंप बसवा. हा तर आगीत तेल ओतण्याचा प्रकार झाला. तुंबलेल्या नळीवर ओढ वाढवली की रबरी होज आत चेपतो, सैल जोडांतून हवा शिरते आणि एका बिघाडाचे तीन होतात.

मग करावे काय? फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये व्हॅक्यूम गेज बसवावा आणि त्याच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी. ट्रक ओढत नाही तेव्हा काटा चढलेला असेल, तर अडथळा गेजच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. काटा खाली आणि नळीत बुडबुडे असतील, तर जोडातून हवा येते आहे. फिल्टर बिचारा निरपराध. काटा खाली आणि बुडबुडेही नाहीत, तर पंप आणि इंजेक्टर तपासावेत. काटा चढलेला असताना टाकीचे झाकण उघडावे. फस्स आवाज होऊन काटा उतरला, तर टाकीत हवा जाण्याची वाट बंद आहे. नाही उतरला, तर आधी फिल्टर आणि मग टाकीतली जाळी पाहावी. ट्रक डिझेलवरही अडखळत असेल, तर टाकी बदलणारा व्हॉल्व्ह पाहावा. तो अर्धवट अडकला की परतीचे तेल डिझेलच्या टाकीत जाते आणि तिकडचा फिल्टरही चोंदतो.

आणि काढलेला फिल्टर फेकू नये. करवतीने कापावा, आतला कागद उलगडावा. पांढरट, मेणासारखा थर गरम पाण्यात वितळून वर तरंगला, तर ती गोठलेली चरबी; तेल नीट तापत नाही किंवा त्यात प्राणिज चरबी मिसळली आहे. तपकिरी, रबरासारखा पापुद्रा गरम पाण्याला आणि डिझेलला दाद देत नसेल, तर तेल हवेशी संयोग पावून घट्ट झाले आहे. अशा वेळी मार्गात तांब्याची नळी आहे का ते बघावे, कारण तांबे ही क्रिया भराभर घडवते. काळा, बुळबुळीत गाळ दिसला, तर टाकीच्या तळाशी पाणी साचून त्यावर जंतू वाढले आहेत. तिन्हींना ‘चोंदलाय’ हा एकच शब्द वापरतात, पण पहिल्याला उष्णता हवी, दुसऱ्याला नळी बदलायला हवी, तिसऱ्यासाठी टाकी रिकामी करून धुवायला हवी.

पुष्कळ बिघाडांचे मूळ ट्रकमध्ये नसतेच, गॅरेजात तेल गाळण्याच्या घाईत असते. गरम तेल गाळणीतून झरझर उतरते म्हणून लोक तापवून गाळतात. पण गरम तेलात चरबी वितळलेली आणि पाणी विरघळलेले असते. दोन्ही गाळणीतून सहज निसटतात आणि गार टाकीत पुन्हा वेगळी होतात. म्हणून तेल पिंपात गार ठेवून निवळू द्यावे, वरचेच घ्यावे आणि गारच गाळावे. कढई कडक तापवून त्यात चमचाभर तेल टाकावे. ते तडतडले तर त्यात पाणी आहे. ते तेल अजून टाकीत घालायचे नाही.

एवढा वेळ ज्याच्यापाशी नाही, त्याने खुशाल डिझेल भरावे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण फुकटचे तेल घ्यायचे, निवळायला सवड द्यायची नाही आणि ट्रक रस्त्यात थांबला की तेलाच्या नावाने खडे फोडायचे, हा अन्याय आहे. टाकून दिले जाणारे तेल माल वाहू शकते. ते वाहते ठेवायचे, तर गेज बघण्याचा आणि फिल्टर कापण्याचा कंटाळा करून चालणार नाही.